हेअर ट्रान्सप्लांट: पहिल्या तपासणीपासून वर्षाच्या फोटोपर्यंत

हेअर ट्रान्सप्लांटची चौकशी करायला गेलं की तोंडातून पहिला प्रश्न निघतो, "किती ग्राफ्ट बसतील?" वर्षभरात माझं हे सगळं पार पडलं आहे, म्हणून सांगतो, त्याच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. मागे किती केस आहेत, आणि त्यातले किती काढले तरी मागची बाजू विरळ दिसणार नाही? याचं उत्तर नीट देणारा डॉक्टर सापडला की निम्मं काम झालं.

या शस्त्रक्रियेचा पाया न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५२ मध्ये घातला. मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस पुढे लावले तरी मूळ जागेचाच गुणधर्म टिकवतात, पुढच्या केसांसारखे झडत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिलं. पुरुषी टकलात डीएचटी या संप्रेरकाने पुढची आणि भोवऱ्याजवळची मुळं बारीक होत जातात. मागच्या पट्ट्यावर त्याचा सहसा परिणाम होत नाही. म्हणून तिथून घ्यायचं आणि इथे लावायचं. नवा केस एकही तयार होत नाही, आहेत त्यांची जागा बदलते. हा मागचा पट्टा म्हणजे व्याज न मिळणारी ठेव आहे, काढली तेवढी कमी होते.

आकडे मांडून बघा. सुरक्षित पट्टा साधारण १८० चौरस सेंटिमीटर धरला आणि दर चौरस सेंटिमीटरला ७० ग्राफ्ट असतील, तर एकूण १२,६०० होतात. ग्राफ्ट म्हणजे निसर्गतःच एकत्र उगवणारा एक ते चार केसांचा झुबका. यातले चाळीस टक्के काढले तरी मागे फारसा फरक दिसत नाही. म्हणजे आयुष्यभराची पुंजी सुमारे ५,०००. पुढची पूर्ण हेअरलाइन, म्हणजे कपाळावर केस जिथे सुरू होतात ती रेघ, आणि तिच्यामागचा थोडा भाग धरून ६० चौरस सेंटिमीटर जागेत ४० च्या घनतेने लावायचं तर २,४०० ग्राफ्ट लागतात. निम्मी पुंजी तिथेच संपते. भोवरा अजून बाकीच असतो, आणि वय वाढेल तसं टक्कलही मागे सरकत जाणार असतं. कुणी "अनलिमिटेड ग्राफ्ट, एकच पॅकेज" अशी जाहिरात करत असेल तर या गणिताकडे पाहून पुढे चालू लागा.

तपासणी

पुण्यात तपासणीची फी ५०० ते १,५०० रुपये पडते. काही ठिकाणी ती फुकट असते. तिथे बहुतेक वेळा डॉक्टरऐवजी काउन्सेलर बसलेला असतो आणि "आज बुकिंग केलं तर वीस टक्के सूट" हे वाक्य दहाव्या मिनिटाला येतं. फी भरून डॉक्टरला भेटणं परवडतं.

चांगल्या तपासणीत डॉक्टर आधी मागचे केस बघतो. डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग, टेकवून तिथल्या केसांची जाडी सारखी आहे का, बारीक पडलेले किती आहेत, हे पाहतो. मागचेच केस बारीक होत असतील तर शस्त्रक्रियेचा फायदा टिकत नाही, कारण लावलेलेही पुढे गळतात. चाईसारखे गोल चट्टे असतील, किंवा टाळूवर लालसरपणा, खाज आणि चकचकीत डाग असतील, तर आधी त्या आजाराचं निदान व्हायला हवं. अशा आजारांत घाईने लावलेले ग्राफ्ट वाया जाऊ शकतात. थायरॉइड, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ आणि डी जीवनसत्त्व यांच्या तपासण्याही याच टप्प्यावर लिहून देतात. केस गळण्याचं कारण रक्तात सापडलं तर सुरीची गरजच उरत नाही.

वयाचाही प्रश्न असतो. विशी-बाविशीतल्या मुलाला अनुभवी डॉक्टर सहसा थांबायला सांगतात, कारण टक्कल कुठपर्यंत जाणार हे तोवर कळत नाही. सोळाव्या वर्षाच्या फोटोसारखी खाली ओढलेली हेअरलाइन करून घेतली आणि तिच्यामागचे जुने केस गळत राहिले, तर पुढे दाट पट्टी आणि मागे मोकळं रान असं चाळिशीत दिसतं. ते झाकायला पुन्हा ग्राफ्ट हवेत, आणि पुंजी तर खर्ची पडलेली असते. वडील आणि मामा दोघांचं टक्कल कुठवर गेलंय ते सांगा. लग्न ठरलंय म्हणून घाई असेल तर तेही सांगा, म्हणजे तारखांचं गणित खरं मांडता येईल.

हेअरलाइनची उंची मोजायला भुवयांच्या मधला बिंदू धरतात आणि तिथून सात ते नऊ सेंटिमीटर वर मार्किंग करतात. रेघ सरळ नसावी, थोडी वेडीवाकडी असावी, आणि कानशिलांकडचा कोपरा पूर्ण भरू नये. पुरुषाच्या कपाळाला ते कोपरे शोभतात. पेन्सिलने रेघ काढून घ्या, आरशात बघा, बाजूने फोटो काढून घ्या.

ग्राफ्ट काढायच्या दोन पद्धती आहेत, एफयूटी आणि एफयूई, त्यांत निवड करायची असते. एफयूटीत मागून कातडीची पट्टी कापून टाके घालतात, आणि ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली कापून ग्राफ्ट वेगळे करतात. ग्राफ्ट चांगले मिळतात, पण एक आडवी रेघ राहते आणि टाके १० ते १४ दिवसांनी काढावे लागतात. एफयूईत ०.८ ते १ मिलिमीटरच्या गोल पंचने, म्हणजे पोकळ नळीसारख्या धारदार हत्याराने, एकेक ग्राफ्ट सुटा करून चिमट्याने ओढून काढतात. टाके नसतात, पण केस शून्यावर काढले की बारीक पांढरे ठिपके दिसतात. "व्रण राहत नाही" असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. आज बहुतेक जण एफयूईच करून घेतात, मीही तेच केलं. डीएचआय हे एफयूईचंच एक रूप आहे. त्यात ग्राफ्ट पेनासारख्या इम्प्लांटरमध्ये भरून बसवतात. नावापायी पैसे जास्त मोजण्यापेक्षा हात कुणाचा आहे ते बघावं.

डॉक्टर कोण, पैसे किती

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये या शस्त्रक्रियेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. शस्त्रक्रियेचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच ती करावी, आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणं पुरेसं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. प्लास्टिक सर्जन, किंवा यात प्रशिक्षण घेतलेला त्वचारोगतज्ज्ञ, हे साधारण दोन मार्ग. आयोगाच्या वेबसाइटवर भारतीय वैद्यकीय नोंदवही आहे. तिथे नाव आणि नोंदणी क्रमांक टाकून पदवी तपासता येते. पाच मिनिटं लागतात, आणि दात किंवा होमिओपॅथीची पदवी असलेली व्यक्ती "हेअर सर्जन" म्हणून बसली आहे का ते कळतं. हे काल्पनिक नाही. कानपूरमध्ये दोन इंजिनियरांच्या मृत्यूनंतर २०२५ मध्ये गुन्हा दाखल झाला, त्यातली आरोपी दंतवैद्य होती. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा ट्रान्सप्लांटनंतर मृत्यू झाला. एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक ग्राफ्ट लावल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या.

डॉक्टरला सरळ विचारायचे प्रश्न असे: पंच कोण मारणार? ग्राफ्ट बसवायच्या चिरा कोण पाडणार? भूल कोण देणार? त्या दिवशी तुमच्याकडे आणखी किती रुग्ण असणार? ग्राफ्ट बसवायचं काम टेक्निशियन करतात, हे जगभर चालतं, आणि चांगल्या टेक्निशियनचा हात त्यात डॉक्टरपेक्षा चलाखही असतो. पण भूल, पंच आणि चिरा ही डॉक्टरची कामं आहेत, आणि बाकीच्या कामावर त्याची नजर हवी. एकाच दिवशी तीन-चार खोल्यांत शस्त्रक्रिया लावणाऱ्या ठिकाणी डॉक्टर फक्त फेरी मारतो. ऑक्सिजन, डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आणि तातडीची औषधं खोलीत आहेत का, आणि गरज पडली तर कोणत्या इस्पितळात नेणार, हेही विचारा. प्रश्न आवडला नाही असं चेहऱ्यावर दिसलं, तर तेच उत्तर समजा.

मला मिळालेली कोटेशनं ग्राफ्टमागे ३० पासून ९० रुपयांपर्यंत होती. मधला ४५ चा दर धरला तर २,४०० ग्राफ्टचे १,०८,००० रुपये होतात. त्यावर जीएसटी येतो. आरोग्यसेवेला करमाफी आहे, पण हेअर ट्रान्सप्लांट त्यातून नाव घेऊन वगळलेलं आहे, त्यामुळे १८ टक्के द्यावे लागतात. म्हणजे आणखी १९,४४०, एकूण १,२७,४४०. जन्मजात दोष, अपघात किंवा भाजल्यामुळे गेलेला भाग पूर्ववत करायचा असेल तर मात्र सूट आहे. कोटेशन घेताना "जीएसटी धरून की सोडून" हे लिहून घ्या. "बिल नको असेल तर कर लागणार नाही" असं कुणी सुचवलं तर नको म्हणा, कारण पुढे तक्रार करायची वेळ आली तर हातात कागद तेवढाच असतो.

मेडिक्लेममधून काही मिळत नाही. कॉस्मेटिक शस्त्रक्रिया पॉलिसीच्या अपवादांत येते, आणि हा अपवाद सगळ्याच कंपन्यांत सारखा असतो. ऑफिससाठी वैद्यकीय दाखला मागितला तर डॉक्टर "टाळूवरील किरकोळ शस्त्रक्रिया" असं लिहून देतो. तेवढ्यावर काम भागतं. दहा दिवस रजा किंवा घरून काम, एवढी तयारी ठेवा.

आधीचा आठवडा

रक्ताच्या तपासण्या ठरलेल्या असतात: सीबीसी, साखर, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, रक्त गोठण्याची वेळ, शिवाय ईसीजी. सगळं मिळून तीन-चार हजारांच्या घरात जातं. साखर किंवा बीपी वर असेल तर तारीख पुढे ढकलतात. त्यावर वाद घालू नका, बीपी वाढलेलं असलं की रक्त जास्त येतं आणि बसवलेले ग्राफ्ट वर उचकटतात.

धूम्रपान दोन आठवडे आधी थांबवायचं, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या ग्राफ्टला रक्त कमी मिळतं. दारू, ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल बंद. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध हृदयाच्या कारणाने चालू असेल तर ते स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, हृदयरोगतज्ज्ञाला विचारायचं. डोक्याला तेल लावणं थांबवा. आदल्या दिवशी आणि सकाळी सांगितलेल्या शाम्पूने डोकं धुवा.

पुढून पूर्ण बटणं असलेला शर्ट आणा. टी-शर्ट डोक्यावरून काढायचा म्हटला की पुढचे दोन आठवडे पंचाईत. परतायला गाडी ठरवून ठेवा. दुचाकीचा प्रश्नच येत नाही, हेल्मेट किमान दोन आठवडे बंद. महिना निवडतानाही थोडा विचार हवा. मी फेब्रुवारी धरला, म्हणजे ऊन आणि घाम वाढायच्या आत पहिले दिवस उरकतात. फक्त होळीचे रंग त्या वर्षी सोडून द्यावे लागतात.

तो दिवस

सकाळी हलका नाश्ता करूनच बोलावतात, कारण भूल फक्त टाळूपुरती असते आणि उपाशी माणसाला चक्कर येते. बीपी, वजन, लिग्नोकेन या भुलीच्या औषधाची चाचणी, फोटो, मार्किंग. संमतीपत्र मराठीत मागता येतं. त्यात ग्राफ्टची अंदाजे संख्या, डॉक्टरचं नाव आणि धोके लिहिलेले आहेत का ते पाहूनच सही करा. मग मशीनने केस एक-दोन मिलिमीटरवर आणतात.

सगळ्यांत नकोशी वेळ म्हणजे भूल देण्याची. मागच्या पट्ट्यात रांगेने सुया घालतात आणि औषध आत शिरताना जळजळ होते. पाच ते दहा मिनिटं. टोचण्याआधी बर्फ किंवा कंपन देणारं छोटं यंत्र वापरलं तर त्रास बराच कमी होतो, ते आहे का विचारून ठेवा. औषधात ॲड्रेनलिन असतं, त्याने रक्तस्राव कमी होतो, पण काही मिनिटं छातीत धडधडतं. घाबरायचं नाही, मात्र सांगायचं जरूर. यानंतर दुखत नाही. पुढे दुपारी कपाळाच्या बाजूला पुन्हा भूल देतात तेव्हा हेच सगळं आणखी एकदा.

भुलीच्या औषधाला मर्यादा असते, आणि खूप मोठी बैठक नको म्हणण्याचं एक कारण हेच. ॲड्रेनलिनसह लिग्नोकेनची कमाल मात्रा किलोमागे ७ मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला ४९० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांच्या द्रावणाचे साधारण साडेचोवीस मिलिलिटर. दिवसभर औषध वाढवत गेलं की ही रेघ ओलांडली जाऊ शकते. जास्त ग्राफ्ट हवे असतील तर समजूतदार डॉक्टर दोन दिवसांत विभागतो.

मग पालथं झोपून, तोंडासाठी भोक असलेल्या उशीवर चेहरा ठेवून दोन-तीन तास. पंचच्या मोटरची घरघर ऐकू येते, दाब जाणवतो, बाकी काही नाही. मान मात्र आखडते. पंच केसाच्या तिरकेपणाप्रमाणे धरावा लागतो, कोन चुकला की मूळच कापलं जातं. कुरळ्या केसांत मूळ कातडीखाली वळलेलं असतं, म्हणून तिथे हे जास्त होतं. शेजारी पेट्री डिशमध्ये थंड सलाईनने भिजलेल्या गॉजवर टेक्निशियन भिंग लावून ग्राफ्ट वेगळे करत असतात, एककेसी एकीकडे, दोनकेसी दुसरीकडे, तीनकेसी तिसरीकडे, दहा-दहाच्या ओळीत. प्रत्येक ग्राफ्ट जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा, टोकाला पारदर्शक चरबीचा थर. तो थर वाळला की ग्राफ्ट मेला, त्याला काही मिनिटं पुरतात. शरीराबाहेर जितका वेळ जास्त, तितके जगणारे कमी. डॉ. बॉबी लिमर यांच्या जुन्या अभ्यासात दोन तासांनी ९५ टक्के आणि सहा तासांनी ८६ टक्के ग्राफ्ट जगल्याची नोंद आहे. म्हणूनच डिश ओली आणि थंड ठेवण्याचा एवढा आटापिटा.

जेवणानंतर उताणं, पाठ टेकून. डॉक्टर पुढे चिरा पाडतो. हा भाग कौशल्याचा, आणि पुढे दिसणार तोही हाच. चीर किती खोल, केस कोणत्या दिशेने वळणार, हे इथे ठरतं. पुढच्या ओळींत केस कातडीला १५-२० अंशांवर पुढे झुकलेले हवेत, कानशिलावर जवळजवळ आडवे. पुढच्या दोन-तीन ओळींत फक्त एककेसी ग्राफ्ट, त्यामागे दोन आणि तीन केसांचे. उलटं झालं की हेअरलाइन टोचलेल्या ब्रशसारखी दिसते. चिरा पाडताना कवटीतून कर्रकर्र आवाज येतो. दुखत नाही, पण तो आवाज आधी माहीत असलेला बरा.

मग बसवणं, तीन ते पाच तास. दोन टेक्निशियन दोन्ही बाजूंनी. तुम्ही मोबाइल बघा, झोपा, लघवीला उठा, सगळं चालतं. बोलताना कपाळ हलवू नका एवढंच. निघताना ग्राफ्टचा लेखी हिशोब मागा. उदाहरणार्थ, ५०० एककेसी, १,३०० दोनकेसी आणि ६०० तीनकेसी असे २,४०० ग्राफ्ट, म्हणजे ४,९०० केस. फक्त "२,४००" एवढंच सांगितलं तर त्यातून काहीच कळत नाही. एककेसी जास्त असतील तर तेवढ्याच ग्राफ्टमध्ये केस हजाराने कमी भरतात.

गाडीत बसताना दाराच्या वरच्या कडेला डोकं लागतं. दवाखान्याच्या दारातच हा अपघात होतो, कुणाचा तरी हात धरून सावकाश बसा.

पहिले दहा दिवस

पहिल्या तीन-चार रात्री ४५ अंशांत झोपायचं. मानेभोवती प्रवासातली यू आकाराची उशी, पाठीशी दोन तक्के, मागच्या पट्टीतून थोडं पाणी-रक्त झिरपतं म्हणून जुना टॉवेल. जागेपणी दर तासाला सलाईनचा फवारा. अँटिबायोटिक, वेदनाशामक आणि सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडचा छोटा कोर्स देतात. काहींना याच काळात उचक्या लागतात, दोन दिवसांत थांबतात.

दुखतं ते मागे, तेही पहिल्या दोन रात्री. पुढे दुखत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळ सुजतं आणि सूज उतरत पापण्यांपर्यंत येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे अर्धे मिटलेले असतात, घरचे घाबरतात. हे ठरलेलं आहे, पाचव्या-सहाव्या दिवशी जातं. खाली वाकू नका, बूट बसून घाला. पाहुणे आले तर वाकून नमस्कार नको, हात जोडणं पुरे. बर्फ लावायचा तर कपाळावर, ग्राफ्टवर कधीच नाही.

पहिली धुलाई दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये करून घ्या आणि बघून शिका. सौम्य शाम्पूचा फेस तळहातावर करून थोपटायचा, चोळायचं नाही. पाणी मगाने, हळू. शॉवरचा जोरदार झोत दोन आठवडे नको. खपल्या सातव्या दिवशी मऊ पडतात. दहा मिनिटं ओल्या ठेवून बोटाच्या पेराने गोल फिरवलं की सुटतात. नख अजिबात नाही. खपलीबरोबर छोटा केस निघाला आणि रक्त आलं नाही तर काळजी नको, मूळ आत आहे. थेंबभर रक्त आलं तर तो ग्राफ्ट गेला. बर्नस्टाइन आणि रॅसमन या डॉक्टरांच्या अभ्यासात नवव्या दिवसानंतर ग्राफ्ट ओढूनही निघाला नाही, म्हणजे भीतीला तिथे मुदत आहे. बारा-चौदा दिवसांपर्यंत सगळ्या खपल्या गेल्या पाहिजेत, त्यापेक्षा जास्त साचून राहिल्या तर पू धरू शकतो.

ताप, वाढत जाणारं दुखणं, पू, किंवा टाळूवर काळपट पडत जाणारा डाग दिसला तर फोटो पाठवून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. काळा डाग म्हणजे तिथला रक्तपुरवठा गेलेला असू शकतो.

वाईट दिसणारे महिने

दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्यापर्यंत लावलेले केस गळतात, जवळजवळ सगळेच. क्लिनिकवाले हे आधी सांगतात, तरी उशीवर ते दिसले की पोटात गोळा येतोच. मुळं आत राहतात, फक्त केसांचा दांडा पडतो. आसपासचे जुने केसही धक्क्याने गळू शकतात, त्यातले बहुतेक परत येतात. आधीच बारीक पडलेले मात्र येत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा वाईट दिसतं. टाळू लालसर, मागे-पुढे बधिर. बधिरपणा काही महिने रेंगाळतो, मग मुंग्या येऊन जातो. अधूनमधून पुटकुळ्या येतात, कारण नवा केस कातडीखालून बाहेर यायला धडपडतो. गरम पाण्याने शेका, फोडू नका, दोन-तीनपेक्षा जास्त आल्या तर दाखवा.

या महिन्यांत फोन येतो: "पीआरपीचं पॅकेज घ्या, लवकर येतील." रक्त काढून, फिरवून, प्लेटलेट टोचतात. काही अभ्यासांत फायदा दिसला, काहींत फारसा नाही, आणि एका बैठकीचे काही हजार रुपये पडतात. पैसे मर्यादित असतील तर ते औषधावर घाला. फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी आणि मिनोक्सिडिल यांच्यामागे पुरावा भक्कम आहे. लावलेले केस टिकतात, पण आसपासचे जुने टिकवायला हीच औषधं लागतात. फिनास्टेराइडने काही पुरुषांत लैंगिक इच्छा किंवा ताठरता कमी होते. बहुतेकांची औषध थांबवल्यावर पूर्ववत होते, काहींची तक्रार रेंगाळते, म्हणून डॉक्टरशी मोकळं बोलूनच सुरू करा. गर्भवती बायकोने फुटलेली गोळी हाताळू नये. रक्तदान करताना आणि पुढे प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना ही गोळी चालू आहे हे सांगा, पीएसएचा आकडा तिने निम्म्यावर येतो.

उगवणं

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, रंगहीन, थोडे वाकडे केस दिसू लागतात. सहाव्या महिन्यात निम्मं काम झालेलं वाटतं. गणपतीत फोटो काढताना टोपीची गरज वाटत नाही. आठव्या ते बाराव्या महिन्यात जाडी येते, वाकडेपणा जातो. भोवऱ्यावर लावले असतील तर पंधरा-अठरा महिने धरा, तिथे वेळ लागतो, आणि गोल वळणामुळे तेवढ्याच ग्राफ्टमध्ये कमी भरल्यासारखं वाटतं. म्हणूनच पहिल्या बैठकीत भोवरा सोडून द्यावा असं माझं मत आहे. दर महिन्याला त्याच खोलीत, त्याच उजेडात, ओल्या केसांनी फोटो काढा. नळीच्या दिव्याखालचा आणि खिडकीतला फोटो शेजारी ठेवून निराश होण्यात अर्थ नाही.

केस कापायला महिन्याभराने कात्री चालते. मशीन मागे महिन्याने, पुढे तीन महिन्यांनी. कलर निदान महिनाभर नको. तेल दोन-तीन आठवड्यांनी, तेही बोटांनी हळू. जिम महिन्यानंतर, पोहणं त्याहून थोडं उशिरा. मागच्या केसांवर शून्याची मशीन कायमची बंद, ठिपके दिसतात. न्हाव्याला आधीच सांगा, तीन नंबरच्या खाली जाऊ नकोस.

बाराव्या महिन्याची भेट बहुतेक कोटेशनमध्ये धरलेली असते, पण त्यांचा फोन येईलच असं नाही, तारीख स्वतः लिहून ठेवा. तिथे जुने फोटो समोर ठेवून बघतात, मागच्या पट्ट्याची घनता पुन्हा मोजतात. दुसरी बैठक घ्यायची झाली तर ती याच वेळी ठरते, आधी नाही. फाइलमध्ये ऑपरेशनचा कागद, ग्राफ्टचा एक-दोन-तीनकेसी हिशोब, पंचचा आकार, भुलीचं औषध किती दिलं ते, आणि बिल हे सगळं एकत्र ठेवा. पुढच्या डॉक्टरला मागून किती निघाले आहेत हे फक्त त्या कागदावरूनच कळतं.